प्रार्थनेत होता का, ताई?

आमच्या चर्चच्या मंडळीत कोणाच्या गळ्यात काम घालायचं असलं की आधी प्रार्थना करतात. 'आमेन' झाल्यावर नाही म्हणायची सोय उरत नाही. अशाच प्रार्थनांतून मी स्त्री-संघाची चिटणीस झाले, शब्बाथशाळेची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाची, बाई झाले आणि कापणीच्या सणातल्या लिलावाचा हिशोबही माझ्याकडेच आला. कुठला भोपळा कोणी कितीला घेतला आणि पैसे अजून कोणी दिले नाहीत, हे मला बायबलातल्या स्तोत्र 23 पेक्षा जास्त पाठ आहे.

त्यामुळे देवासाठी वेळ नाही असं म्हणायची चोरी. रविवारी उपासना, बुधवारी घरोघरची प्रार्थना, शुक्रवारी उपास-प्रार्थना, डिसेंबर लागला की रोज कॅरलची तालीम. फक्त देवाशी बोलायचं तेवढं राहतं. ना. वा. टिळकांचं भजन रंगात आलेलं असतं, पेटीवाला डोळे मिटून डोलत असतो, आणि मी मात्र गॅसवरच्या दुधाकडे कान लावून उभी.

पाळकसाहेबांचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा, मार्था-मरिया या बहिणींवरचा उपदेश ठरलेला. मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते, मार्था राबते आणि वर बोलणी खाते. लूकचं शुभवर्तमान, अध्याय 10. आशीर्वाद देऊन खाली उतरले की साहेब पहिलं मला विचारतात, "ताई, जेवणाचं कुठवर आलं?" योहानाचा 12 वा अध्याय कोणी काढत नाही. तिथे त्यांच्या बेथानी गावात पुन्हा जेवण आहे आणि मार्था पुन्हा वाढतेच आहे. या खेपेला तिला कोणी चकार शब्द बोलत नाही! माझ्या बायबलात ते वचन लाल पेनाने अधोरेखित आहे.

एका सभेत सुझॅना वेस्लीची गोष्ट ऐकली. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली, त्याची आई. पोटी 19 मुलं झालेली, घरात हा कल्ला. म्हणे ती एप्रन डोक्यावर ओढून प्रार्थनेला बसायची आणि मुलं चिडीचूप व्हायची. मीही ओढणी तोंडावर घेऊन सोफ्यावर बसले. सासूबाई म्हणाल्या, "डोकं दुखतंय का गं? बाम लावू?" धाकट्याने "आई रडतेय!" अशी आरोळी ठोकली. ती ऐकून ह्यांनी काही न विचारता सिंकमधली सगळी भांडी घासून टाकली. ओढणी आत्ताच काढावी की पोळ्यांचीही वाट बघावी, हे मला ठरवता येईना.

मग पहाटेचा मार्ग. मार्क 1:35 मध्ये येशू अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. पण लगेच पुढे त्याचा शिष्य शिमोन शोधत हजर, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणून! बिचाऱ्याकडे व्हॉट्सॲपही नव्हतं. मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीआड बसले. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" एवढं म्हणते तोच फोन वाजला. पाळकीणबाई, पाळकसाहेबांची बायको.

"प्रार्थनेत होता का, ताई? मग थोडक्यात विचारते. शुक्रवारच्या उपासाला पोहे किती किलो भिजवायचे?"