ओल्या ब्रशचा पुरावा

पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री झोपण्यापूर्वी दात घासायला लावणे हे काम वरवर पाहता दोन मिनिटांचे असले, तरी प्रत्यक्षात त्यात अर्धा तास जातो आणि त्या अर्ध्या तासात घासाघीस बरीच होते, दात तेवढे राहून जातात. आमचे चिरंजीव बेसिनपाशी जातात, नळ सोडल्याचा आवाज येतो आणि मी "घासलेस का?" असे विचारीपर्यंत ते ओला ब्रश माझ्या नाकासमोर धरतात. ब्रश ओला आहे, त्याअर्थी दात घासले गेले, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो न्यायालयात कदाचित टिकला असता; तोंडाच्या वासापुढे मात्र टिकत नाही.

आधी मी शास्त्राचा आधार घेतला. तोंडातले जिवाणू साखरेवर पोसतात आणि आम्ल तयार करतात. दातांवरचा सामू (आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल अधिक) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दातांच्या बाहेरच्या टणक आवरणातली, खनिजे विरघळू लागतात. लाळ त्या आम्लाचा जोर हळूहळू कमी करते, परंतु झोपेत लाळच कमी सुटत असल्यामुळे न घासलेले दात रात्रभर जिवाणूंच्या स्वाधीन राहतात, हे सारे मी सविस्तर सांगितले. चिरंजिवांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे अख्खे चॉकलेट दिवसभर तुकड्यातुकड्याने खाण्यापेक्षा एकदाच संपवलेले बरे, असेच ना आई?" दुर्दैवाने ते खरे आहे. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, हे दातांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते. माझ्या व्याख्यानातला तेवढाच भाग त्यांनी ग्राह्य धरला आणि तत्काळ अमलातही आणला.

मग भीती घालून पाहिली. इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असला, तरी एकदा गेलेले इनॅमल पुन्हा तयार होत नाही, असे मी गंभीर चेहऱ्याने म्हणाले. पण ज्याला येत्या सोमवारची परीक्षासुद्धा अतिदूर वाटते, त्याच्यापुढे साठाव्या वर्षीच्या कवळीचे चित्र रंगवून काय उपयोग? कुमारवयीन मुलांना केलेला आरोग्याचा बहुतेक उपदेश नेमका इथेच वाया जातो, असे माझे मत आहे. शिवाय त्यांच्याकडे प्रतिवाद तयार होता: हिरड्यांतून रक्त येते, म्हणून ब्रशला विश्रांती दिली आहे!

अखेर दातांना तारा बसवणाऱ्या डॉक्टरांनी सूत्रे हाती घेतली. त्यांनी उपदेशाचा एक शब्दही न काढता एक गोळी चघळायला दिली आणि आरसा पुढे केला. या गोळीतला रंग दातांवरच्या चिकट थराला धरून बसतो. तारांच्या भोवती आणि हिरड्यांच्या कडेने सगळे भडक गुलाबी झालेले पाहून चिरंजिवांचा चेहराही त्याच रंगाचा झाला, कारण हे तोंड घेऊन ते रोज वर्गात बसत होते. रक्त येते ते या थरामुळे, वयात येताना संप्रेरकांमुळे हिरड्या त्याला अधिकच चिडतात आणि म्हणून घासणे थांबवायचे नसून नीट करायचे असते, हे त्यांनी डॉक्टरांकडून निमूटपणे ऐकले. हेच मी सांगितले असते, तर अपील झाले असते.

आता वेगळाच प्रसंग ओढवला आहे. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, हिरडीशी पंचेचाळीस अंशांचा कोन, हलका हात, तारांखालून बारीक ब्रश, असा साग्रसंगीत कार्यक्रम चालू असताना बाकीचे कुटुंब न्हाणीघराच्या दाराबाहेर तिष्ठत उभे असते. घासून झाल्यावर फेस नुसता थुंकायचा, खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकते, हा नियम ते आम्हालाही लावतात. परवा सकाळी यांना आपला ब्रश कुठेच सापडेना. त्याचे केस पसरले होते आणि तीन-चार महिन्यांची मुदत केव्हाच उलटली होती, या कारणास्तव चिरंजिवांनी तो आदल्या रात्री परस्पर कचऱ्यात टाकला होता. नवा ब्रश घरात नव्हता.