मोलचं नंतर बघू

एफवायला केमिस्ट्री घेतलीत, अभिनंदन! आता वर्गात शिकवतील त्याच्या बरोबरीनं अभ्यास ठेवायचा की नाही एवढंच ठरवायचं उरलंय, आणि त्याची घाई नको. सुरुवातीलाच मोल संकल्पना, म्हणजे पदार्थातले कण मोजायचं एकक, काढतील. ती अकरावीला झालीय, क्लासमध्ये तर दोनदा झालीय, सीईटीला पर्यायांवरून उलटं जाऊन उत्तरही काढलं होतंत. तेव्हा हा आठवडा कँटीनची ओळख करून घ्यायला द्या.

मन खाऊ लागलंच, तर मोलच्याच इतिहासाचा आधार घ्या. तापमान आणि दाब सारखा असेल तर वायूंच्या समान आकारमानात रेणूही समान असतात, हे अवोगाद्रो या इटालियन शास्त्रज्ञानं १८११ मध्ये सांगून ठेवलं होतं. बहुतेकांनी कानाआड केलं. बिचारा १८५६ मध्ये गेला. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुहेच्या रसायनशास्त्र परिषदेत कॅनिझारो या त्याच्याच देशबंधूनं त्याची बाजू लावून धरली, आणि शेवटी तिथं कॅनिझारोची पुस्तिका वाटली गेली. म्हणजे युरोपातल्या मातब्बरांना जे पचवायला अर्धं शतक लागलं, ते तुम्ही पहिल्या इंटर्नलच्या आत पचवायचं! शिवाय नोट्स शेवटच्या दिवशी हातात पडल्या तरी भागतं, हेही यातून सिद्ध होतं. (लोथार मायर या रसायनशास्त्रज्ञानं ती पुस्तिका मिळाल्यावर खरोखर वाचली होती. हा तपशील मनावर घेऊ नका.)

मोल सुटला की पुढचं बरंच काही आपसूक सुटतं. मोलॅरिटी, वायूंचे नियम, समतोल, सगळ्याच्या आरंभी मॅडम म्हणतात, "हे तुम्हाला येतंच." मान डोलवा. "कुणाला शंका?" असं विचारल्यावर अख्खा वर्ग वह्यांत बघतो, तिथं एकट्यानं हात वर करून मंडळींचं लेक्चर लांबवणं सभ्यपणाचं नाही. वायूच्या गणितात तापमान २५ दिलंय ना, मग २५ च घाला. केल्विनमध्ये ते २९८ होतं आणि न केल्यास उत्तर बारा पटींनी हुकतं, पण स्टेप्सना मार्क असतात. एचसीएलची तीव्रता १० चा उणे आठवा घात असेल तर पीएच किती? आठ. आम्लाचा पीएच सातच्या वर कसा गेला, पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन कुठं गेले, असल्या चौकशा करत बसलात तर उत्तर ६.९८ च्या आसपास येईल आणि शेजारच्याशी जुळणार नाही.

प्रॅक्टिकल मात्र चुकवू नका, तिथं हजेरी लागते. हजेरी झाली की सिनियरचं जर्नल उघडा. २५० मिलिलिटर, ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक ॲसिडसाठी १.५७५ ग्रॅम घ्या असं त्यात लिहिलेलं असेल. हा आकडा कुठून आला? स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून रेणुभार ९० नाही, १२६ धरायचा. त्याच्या निम्मे ६३... जाऊ द्या. थोरांनी लिहून ठेवलंय, त्यावर अविश्वास बरा नव्हे.

मग त्याच ऑक्झॅलिक ॲसिडचं पोटॅशियम परमँगनेटशी टायट्रेशन, म्हणजे गुलाबी रंग टिकेपर्यंत ब्यूरेटमधून थेंब थेंब सोडून किती लागलं ते मोजणं. फ्लास्क ६०–७० अंशांपर्यंत तापवायचा असतो, पण बर्नरपाशी गर्दी आहे. थंडच घ्या. पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग जाता जात नाही, म्हणजे एंडपॉइंट आला! रीडिंग ०.१. इतका कार्यक्षम प्रयोग पाहून घाबरू नका, पलीकडच्या टेबलाला काय आलंय ते बघा. तिथं १०.४ आलंय. का, तर त्यांनी फ्लास्क तापवला, धीर धरला आणि अभिक्रियेत तयार होणाऱ्या मँगनीज आयनांनीच पुढं तिचा वेग वाढवला. तुम्हाला त्या खटाटोपाचं फळ आयतं मिळतंय. १०.४, १०.४, १०.४ अशी तीन रीडिंग्ज लिहा, सीबीआरच्या (कॉन्स्टंट ब्यूरेट रीडिंगच्या) रकान्यात चौथ्यांदा १०.४. तुमच्या ब्यूरेटचा नळ गळका असला तरी रीडिंग तसूभर हलत नाही, ही अचूकता मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही साधत नाही. द्रावण तपकिरी झालं तर ॲसिड कमी पडलंय. लॅबमधल्या मामांची नजर चुकवून सिंकमध्ये ओता.

तोंडी परीक्षेला इस्त्रीचा एप्रन घाला. एक्स्टर्नल विचारतील, "फ्लास्क गरम का केला?" छातीठोकपणे सांगा, "सर, रिॲक्शन फास्ट व्हावी म्हणून." हे बरोबर आहे, त्यामुळे पुढचा प्रश्न येतो: "मग सुरुवातीला स्लो का होती?" इथं वर पंख्याकडे बघा. घसा खाकरा. पाणी मागा. काहीही करा, पण "जर्नलमध्ये लिहिलंय, सर," असं म्हणू नका. ते उघडून बघतील, आणि उतरवण्याच्या भरात तुम्ही प्रयोगाची तारीखही गेल्या वर्षीचीच टाकलीय.