भाड्यानं नको, विकत द्या!

मला ‘पॅनेल दे पोन’ विकत घ्यायचाय. १९९५ साली निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या यंत्रावर आलेला खेळ, आज त्याला तीस वर्षं होऊन गेली. पूर्ण पैसे मोजायची तयारी आहे. तरी निन्टेन्डो तो सुटा विकत नाही! त्यांच्या स्विच यंत्रावरच्या ‘स्विच ऑनलाइन’ सेवेची वर्गणी भरा आणि खेळा, वर्गणी थांबली की खेळही गेला. याला म्हणे जुन्या खेळांची जपणूक. डोकं फिरतं अक्षरशः.

आणि खेळ काय आहे तो! शेजारचे दोन चौकोन अदलाबदल करायचे, एका रंगाचे तीन जुळवायचे, आणि ते फुटताहेत तेवढ्यात वरून पडणाऱ्यांची पुढची साखळी लावून ठेवायची. खालून नवी रांग चढतच असते. इतका घट्ट बांधलेला खेळ आजही क्वचित सापडतो. पण १९९६ मध्ये अमेरिकेत नेताना त्यातली नायिका लिप आणि बाकीच्या पऱ्या हाकलल्या, मारिओच्या खेळांतला डायनासोर योशी आणून बसवला आणि टेट्रिसशी काडीचा संबंध नसताना नाव ठेवलं ‘टेट्रिस अटॅक’. खेळ यांचा, नाव दुसऱ्याच्या मालकीचं. ती आवृत्ती पुन्हा कधी आलीच नाही. ज्यांचं बालपण त्यात गेलं त्यांनी काय करायचं?

जपानमध्ये निन्टेन्डोच्या वी या यंत्राच्या ऑनलाइन दुकानात मूळ खेळ सुटा मिळायचा. जानेवारी २०१९ मध्ये ते दुकान बंद. मार्च २०२३ मध्ये त्यानंतरच्या वी यू आणि थ्रीडीएस यंत्रांची दुकानंही बंद. थ्रीडीएसवरची ‘पिक्रॉस ई’ ही चित्रकोड्यांची मालिका त्यातच अडकली. ती बनवणाऱ्या जुपिटर कंपनीनं ती कोडी २०२४ मध्ये ‘पिक्रॉस एस प्लस’मधून स्विचवर आणली, चांगलं केलं. पण आधी पैसे देऊन घेतलेल्यांनी तीच कोडी पुन्हा विकत घ्यायची? का म्हणून?

हे आजचं नाही. १९९७ पासून जपानमध्ये लॉसन या साखळीच्या दुकानांत निन्टेन्डोची यंत्रं होती. कोरी कॅसेट न्यायची, पैसे द्यायचे, खेळ भरून घ्यायचा. ‘पिक्रॉस एनपी’चे आठ भाग १९९९-२००० मध्ये असेच विकले गेले. २००७ मध्ये ती सेवा गुंडाळली. म्हणजे तेव्हापासून ठाऊक आहे यांना, की सेवा बंद पडते आणि खेळ तिच्यासोबत जातो. तरी प्रत्येक नव्या यंत्राबरोबर तेच!

जुने खेळ जपणाऱ्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनं २०२३ मध्ये सांगितलं की अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ग्रंथालयांना असे खेळ अभ्यासकांना दुरून दाखवू द्या, एवढीच मागणी होती. कंपन्यांच्या संघटनेनं विरोध केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं ती फेटाळली. स्वतः विकायचं नाही, ग्रंथालयाला दाखवू द्यायचं नाही, आणि कुणी रॉम, म्हणजे खेळाची डिजिटल नक्कल, उतरवून ठेवली तर तो चोर. संताप येणार नाही तर काय!

विकता येत नाही असं तर मुळीच नाही. हॅम्स्टर कंपनी ‘आर्केड आर्काइव्ह्ज’ या मालिकेत जुने खेळ एकेक करून विकते. आरिका कंपनीचा १९९८ चा ‘टेट्रिस द ग्रँड मास्टर’, तोही टेट्रिसच्या परवान्यासकट, त्यांनी २०२२ मध्ये आणून दाखवला. निन्टेन्डोकडे तर ‘पॅनेल दे पोन’ स्विचवर चालू अवस्थेत तयार पडलाय. त्याला किंमत लावा आणि विका.