‘झेपेल तेवढंच दुःख’ हे बायबलमधलं वचन नाही

‘देव आपल्याला झेपेल तेवढंच दुःख देतो – बायबल’ असा संदेश सध्या फिरतो आहे. कुणाच्या घरी मृत्यू झाला की तो हमखास पाठवला जातो. हे वाक्य बायबलमध्ये कुठेही नाही.

त्याचा आधार म्हणून बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं 10:13 (अध्याय 10, वचन 13) दाखवतात. तिथे विषय शोकाचा नसून मोहाचा आहे. अरण्यात इस्राएल लोक मूर्तिपूजेकडे वळले, कुरकुरले, त्याची आठवण देऊन पत्राचा लेखक, प्रेषित पौल, म्हणतो की मोहातून निभावण्याची वाट देव ठेवतो. मूळ ग्रीक शब्दाचे ‘परीक्षा’ आणि ‘मोह’ असे दोन्ही अर्थ होतात. गोंधळ बहुधा तिथूनच.

उलट करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (1:8-9) पौल स्वतःबद्दल मोकळेपणाने सांगतो: आशियात (तेव्हाचा रोमन प्रांत, आजच्या तुर्कस्तानात) आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याची आशाही सुटली, म्हणून आम्ही स्वतःवर नव्हे, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवायला शिकलो. मला हे त्या संदेशापेक्षा कितीतरी धीराचं वाटतं. कोलमडलेल्या माणसाला ‘तुला झेपेल’ म्हणणं म्हणजे त्याच्या रडण्यालाच दोष देणं.

पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले, 1921मध्ये मुलगी मनोरमाही. तरी केडगावचं मुक्ती मिशन आणि बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही.

वचनच पाठवायचं असेल, तर गलतीकरांस 6:2 पाठवा: एकमेकांची ओझी वाहा. आणि सोबत जेवणाचा डबाही न्या.