पैलवानाच्या स्नायूंची चरबी होत नाही

‘कुस्ती सोडली की स्नायूंची चरबी होते, पोराला तालमीत घालू नका’ असा मेसेज कोल्हापुरात फिरतोय. हे खरं नाही. स्नायू आणि चरबी या वेगळ्या ऊती आहेत. एकीची दुसरी होत नाही. होतं असं की पहाटेच्या जोर-बैठका थांबतात, पण दूध, तूप, थंडाईचा खुराक तसाच राहतो. मेहनतीविना स्नायू बारीक होतात आणि न जिरलेल्या खुराकाची चरबी साठते. म्हणून लढती थांबल्या की खुराक हळूहळू उतरवावा, थोडी मेहनत चालू ठेवावी. वस्तादांनी हे डावांइतकंच आवर्जून शिकवावं, अशी माझी कळकळीची विनंती. आणि मेसेजमधलं ‘पुढं पोराचं काही होत नाही’ हेही चूक: राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून पुढे पोलीस अधिकारी झाले.