मोत्या, गोचीड आणि माझी ‘दुकानदारी’

काका, नमस्कार.

पावसाळ्याआधी घरच्या कुत्र्या-मांजरांसाठी काय करावं, यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं आणि त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून ती थोडक्यात पुन्हा देते: “डॉक्टरबाई, गोळी, लस, रक्ततपासणी, शाम्पू... यादी वाचूनच दम लागला. आमच्या वाड्यातला मोत्या १९६१ ते १९७५, चौदा वर्षं भाकरी-दुधावर जगला. गोचीड झाली की आई रॉकेलचा बोळा फिरवायची. दवाखान्याची पायरी तो कधी चढला नाही. आता खाली एक तांबू नावाचा कुत्रा आहे, त्याला मी रोज पोळी घालतो, तोही ठणठणीत आहे. कुत्र्याला कुत्र्यासारखं राहू द्या. बाकी सगळी दुकानदारी.”

तुमच्या प्रतिक्रियेला माझ्या लेखापेक्षा जास्त लाइक मिळाले आहेत. त्यातला एक माझ्या सख्ख्या मावसभावाचा आहे, त्याच्याशी मी वेगळं बोलेन.

दुकानदारीचं म्हणाल तर बडोद्यात दांडिया बाजारात माझ्या दवाखान्याच्या एका बाजूला फरसाणवाला आहे आणि दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला, त्यामुळे रांगेत आम्ही तिघंही दुकानदारच. आणि शाम्पूचं तुमचं अगदी बरोबर आहे. पावसाळ्यात दर आठवड्याला कुत्र्याला आंघोळ घालायची काही गरज नसते. उलट दाट केस नीट वाळले नाहीत तर कातडीला बुरशी धरते. बाहेरून आल्यावर पाय आणि पोट पुसून बोटांच्या मधली जागा कोरडी केली की झालं. ते वाक्य मी लेखातून काढून टाकलं आहे. भाकरी-दुधावरही भांडत नाही. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. मोत्याला पचत होतं, चांगलं झालं. भाकरीबरोबर अंडं मिळालं असतं तर त्याला आणखी आवडलं असतं, एवढंच.

आता मोत्या. तो चौदा वर्षं जगला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तुम्ही सालं लिहिलीत हे फार बरं केलंत. पिल्लांना रक्ताची हगवण लावून दोन-तीन दिवसांत संपवणारा पार्व्हो नावाचा जो रोग आज आम्ही सतत बघतो, तो कुत्र्यांत पहिल्यांदा ओळखला गेला १९७८ साली. त्यानंतर दोनेक वर्षांत तो जगभर पसरला. मोत्या गेला १९७५ मध्ये. म्हणजे ज्या रोगाची लस मी आज पिल्लांना टोचते, तो रोग मोत्याच्या हयातीत आपल्याकडे आलेलाच नव्हता. लस न घेता तो त्यातून वाचला, असं कसं म्हणायचं?

आणि मोत्याची भावंडं? माझी आजी बाजवाड्यात राहायची. भाद्रपदात गल्लीत कुत्र्यांचा धुमाकूळ, मग मार्गशीर्षात जिन्याखाली पाच-सहा पिल्लं, हे दरवर्षीचं. आम्ही पोरं त्यांना एकेक नाव द्यायचो. संक्रांतीपर्यंत दोन उरायची, कधी एकच. जे उरलं ते मोत्या व्हायचं, वाड्यात यायचं, त्याच्या गोष्टी व्हायच्या. बाकीच्यांची नावं आज मलाही आठवत नाहीत.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. मोत्या झोपायचा कुठे? ओट्यावर, फार तर चौकात, बरोबर? स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय लावला तर आई लाटणं दाखवायची. आज माझ्याकडे येणारी दहातली आठ कुत्री सोफ्यावर झोपतात, त्यातली निम्मी पलंगावर. कुत्रा घरात आला आणि त्याच्याबरोबर गोचीडही घरात आली.

आपल्याकडे कुत्र्याच्या अंगावर जी तांबूस तपकिरी गोचीड दिसते, तिचं वैशिष्ट्य हेच की तिला शेत, गवत, जंगल काही लागत नाही. अंड्यापासून म्हातारपणापर्यंत सगळा संसार ती चार भिंतींच्या आत करू शकते. रक्त पिऊन भिजवलेल्या चवळीएवढी फुगलेली करडी मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते आणि वर चढायला लागते. दाराच्या चौकटीत, पडद्यामागे, फॉल्स सीलिंगच्या फटीत जाऊन बसते आणि तिथे हजारांनी अंडी घालते, चार हजारांपर्यंतसुद्धा. त्यातून खसखशीएवढी सहा पायांची पिल्लं निघतात. मोठी झालेली गोचीड खायला काही मिळालं नाही तरी वर्षभर तग धरून राहते. वाड्याच्या भिंतींना दिवाळीआधी चुना लागायचा, त्यात सगळ्या भेगा बुजायच्या. मोत्याच्या तब्येतीचं थोडं श्रेय त्या चुन्याला जात असावं, असा माझा अंदाज आहे.

म्हणून तुमच्या आईच्या बोळ्याने मोत्याच्या अंगावरच्या दहा गोचिडी जात असतीलही, पण आजच्या फ्लॅटमध्ये उरलेल्या पेल्मेटमागे असतात. शिवाय रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून लोक डिझेल किंवा फिनेल घेतात. गेल्या वर्षी मकरपुऱ्याकडून एक पांढरा स्पिट्झ आणला होता, अंगभर डिझेलने पुसलेला. पोटाची कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती. त्यात त्याने अंग चाटलं, मग उलटी झाली आणि उलटीतलं डिझेल फुप्फुसात गेलं. मालकांनी चांगल्या मनाने मीठ-पाणी पाजून आणखी उलट्या करवल्या, तिथेच जास्त बिघडलं. असं तेल पोटात गेलं तर उलटी करवायची नसते, ती नेमकं याचसाठी. अकरा दिवस लागले. वाचला.

गोचीड काढायला बोळा लागतच नाही. भुवया कोरायचा बारीक टोकाचा चिमटा घ्या. केस बाजूला करून गोचिडीला पोटाशी न धरता अगदी कातडीला टेकून, तोंडापाशी पकडा आणि न पिळता, न मुरडता सरळ वर ओढा. काढलेली साबणाच्या पाण्यात टाका. बोटाने किंवा चपलेखाली चिरडू नका. जागा शोधाल तर कानाच्या पाळीचा आतला घडीचा भाग, पायाच्या बोटांमध्ये, बगलेत, शेपटीखाली. कानाच्या घडीत कधी कधी इतक्या दाटीने बसलेल्या असतात की शिवणकामातल्या मण्यांसारख्या दिसतात.

रक्ततपासणीचा तुम्हाला सगळ्यात जास्त राग आलेला दिसतो. त्याचं कारण सांगते, आणि ते माझ्याच चुकीचं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या गावी, एक लॅब्रेडोर आला होता. दोन दिवस जेवत नव्हता, ताप होता. मालक म्हणाले, लग्नातलं काहीतरी खाल्लंय. मीही पोटाचं धरून चालले. हिरड्या फिक्या होत्या, ते दिसलं होतं मला. चौथ्या दिवशी नाकातून रक्त आलं आणि सहाव्या दिवशी तो गेला. गोचीडताप होता. एक थेंब रक्त पाहिलं असतं तर कळलं असतं.

तो एक थेंब कसा बघतात, ते एकदा दवाखान्यात येऊन पाहाच. कानाच्या कडेला सुई टोचायची, थेंब काचपट्टीवर पसरायचा, रंग द्यायचा, वर तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. गुलाबी चकत्यांसारख्या लाल पेशींचा सडा दिसतो. त्यात एखाद्या पेशीच्या आत नासपतीच्या आकाराचे दोन जांभळे ठिपके टोकाला टोक लावून बसलेले दिसले की तो बबेसिया, गोचीडतापाचा एक जंतू. दुसरा एर्लिकिया, तो पांढऱ्या पेशीत तुतीच्या फळासारखा गोळा करून बसतो. पण तो बहुधा सापडत नाही, म्हणून प्लेटलेट मोजाव्या लागतात. दोन्ही रोग गोचीडच देते, दोन्हींत ताप, दोन्हींत कुत्रं मलूल. औषधं मात्र वेगळी. एर्लिकियाला डॉक्सीसायक्लीनचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स, बबेसियाला त्याने भागत नाही. अंदाजाने औषध देणं तपासणीपेक्षा स्वस्त वाटतं, पण चुकलं तर सगळ्यात महाग पडतं.

गोळीबद्दल मात्र तुम्ही अर्धे बरोबर आहात आणि ते मी लेखात लिहायला हवं होतं. चघळायची गोचीडगोळी स्वस्त नाही. ती सरसकट निर्धोकही नाही. या जातीच्या गोळ्यांनी काही कुत्र्यांना फिट येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्येच दिला आहे. कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ती देऊच नका. स्वस्तातला पर्याय म्हणजे अमित्राझ या गोचीडनाशकाचं पाणी. बाटलीवरच्या प्रमाणातच पातळ करायचं, जखमेवर लावायचं नाही, वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही. काम करतं. फक्त कष्ट आहेत आणि फटी-भेगांची सफाई त्याबरोबर करावीच लागते. मांजरवाल्यांनी इथे थांबून वाचा: कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजराला लावू नका, पर्मेथ्रिन असलेलं तर मुळीच नाही. आणि तापाची पॅरासिटामॉल मांजराला अर्धीसुद्धा नाही. जीव जातो.

राहिली लस. रेबीजवर तुम्ही काही म्हणालेला नाहीत. पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शनं तुमच्या पिढीने पाहिली आहेत, त्यामुळे तिथे तुमचं-माझं एकमत असणार. तुम्ही विचारलंत ते लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या लशीचं, “उंदराच्या मुताची लस, हे कुठलं नवीन खूळ?” असं.

२०२४ ची गोकुळाष्टमी आठवा. अजवा तलाव भरला, विश्वामित्री नदी चढली, समा, फतेगंज, अकोटा, सगळीकडे पाणी. मगरी सोसायटीत आल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी एकमेकांना पाठवले. मगर दिसते म्हणून लोक जपतात. बिळातून बाहेर पडलेले उंदीर-घुशी आणि त्यांचं मूत मिसळलेलं पाणी कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पाणी ओसरलं, गणपती बसले आणि गौरींच्या सुमारास समाकडचा एक तरणाबांड कुत्रा आला. पुराच्या पाण्यात तो दोन दिवस मुलांबरोबर हुंदडला होता. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा, लघवी जवळजवळ बंद. पाण्यात भिजल्यापासून आजार दिसेपर्यंत आठ-पंधरा दिवस जातात, म्हणून मालकांना पुराचा आणि काविळीचा संबंधच लागला नव्हता. मी हातमोजे घातले तेव्हा त्यांनी विचारलं, का? तेव्हा सांगितलं की हा रोग कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतो. घरात आईंना ताप आहे, हे त्यानंतर बाहेर आलं. त्या संध्याकाळीच डॉक्टरकडे गेल्या, बऱ्या झाल्या. कुत्रा तिसऱ्या दिवशी गेला.

ही लस लेप्टोच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही, हे खरं आहे. पण जे प्रकार तिच्यात आहेत, त्यांच्यापासून बऱ्यापैकी राखते. पहिल्या वर्षी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, मग दरवर्षी एक. पाणी चढल्यावर टोचून उपयोग नाही, म्हणून मी मे महिन्यात कटकट करते. तुमच्यासारखा जो तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि ज्याच्या घरात कुत्रा नाही, त्याने ही लस विकत घ्यावी असं माझं म्हणणं मुळीच नाही.

पण तांबू आहे. तुम्ही त्याला रोज पोळी घालता, तो तुमच्या हाताला तोंड लावतो, सोसायटीतली पोरं त्याच्या गळ्यात हात टाकतात. तो ठणठणीत आहे असं तुम्ही लिहिलंत. त्याचा वरचा ओठ उचलून हिरड्या कधी पाहिल्यात का? गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडलं की पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. खारीवाव रोडने मी रविवारी सकाळी जातेच. त्याची रेबीजची लस माझ्याकडून, तिचे पैसे नकोत. तो तुमच्या ओळखीचा आहे, तेव्हा तोंडाशी तुम्ही बसा आणि पोळी तुकड्या-तुकड्याने भरवत राहा, एकदम सगळी देऊ नका. चिमटा मी आणते. साबणाच्या पाण्याची वाटी तेवढी तयार ठेवा, जुनी, स्वयंपाकघरातली नको.