धाडसी व्हा, फक्त एका फॉर्मवर

बँकेतून फोन येतो, "सर, एक छोटासा फॉर्म आहे, पाच मिनिटं लागतील." हा फॉर्म म्हणजे तुमची रिस्क प्रोफाइल, गुंतवणुकीत तुम्हाला किती जोखीम झेपेल याचं मोजमाप. तुम्ही कंझर्व्हेटिव्ह (जपून वागणारे), बॅलन्स्ड (मधले) की अ‍ॅग्रेसिव्ह (धाडसी), हे त्यावरून ठरतं. इतकी वर्षं संसार करून घरच्यांना तुमच्याबद्दल जे कळलं नाही, ते बँकेला दहा-बारा प्रश्नांत कळतं. तेव्हा तयारी करूनच जा. मी दोनदा नापास होऊन, म्हणजे कंझर्व्हेटिव्ह निघून, तिसऱ्यांदा पास झालेला माणूस आहे. सांगायचा थोडाफार हक्क मला आहे.

नवखे लोक सुरुवातीलाच एक घोडचूक करतात. ते खरं बोलतात.

फॉर्मवर हमखास एक प्रश्न असतो: 'तुमच्या गुंतवणुकीचं मूल्य 20 टक्क्यांनी घसरलं तर काय कराल?' सगळी विकून टाकेन, थोडी विकेन, काहीच करणार नाही, आणखी घेईन. बाजार तेजीत असताना हा प्रश्न वाचला की कुणालाही आपण आणखी घेऊ असंच वाटतं. वाटू द्या. रात्री तीनला अंथरुणात मोबाइल उघडून पडलेला आकडा पुन्हापुन्हा बघणारा माणूसही तुम्हीच असता, पण त्याला फॉर्म भरायला कुणी बोलावलेलं नसतं. आणि कृपा करून त्या 20 टक्क्यांचे पैसे करून बघू नका. टक्के परक्याचे वाटतात. त्यांचे पगाराचे महिने केले की हात थरथरतो आणि भलत्याच चौकोनात टिक पडते.

कुणी आगाऊ विचारेल, 20च का? ऑक्टोबर 2007 ते मार्च 2009 या काळात अमेरिकेचा एसअँडपी 500 हा मोठ्या कंपन्यांच्या शेअरांचा निर्देशांक सुमारे 57 टक्के पडला होता आणि जुन्या पातळीवर यायला त्याला 2013 उजाडलं. निम्म्याहून जास्त पडलेली गोष्ट पूर्वपदावर यायला दुपटीहून जास्त वाढावी लागते, हे शाळेतलं गणित आहे. पण फॉर्मवर 57 छापलं तर 'आणखी घेईन'वर टिक कोण करणार? छपाईचा खर्च वाया.

डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडलं की मिळालेल्या पैशाच्या आनंदापेक्षा तेवढाच पैसा गेल्याचं दुःख मोठं असतं. पुढे त्यांनी ते साधारण दुप्पट असल्याचा अंदाजही दिला. तुम्ही असलं काही वाचत बसू नका. धीर खचतो.

आता मार्कांकडे वळू. जोखीम घ्यायला मन तयार असणं वेगळं आणि नुकसान सोसायची खिशाची ताकद वेगळी, असं जाणकार म्हणतात. फॉर्म असा भेदभाव करत नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, डोक्यावर कर्ज आहे, तिथे एक मार्क. पण छाती मोठी आहे, तिथे पाच. बेरीज मधोमध, म्हणजे तुम्ही बॅलन्स्ड. एका डोळ्याचा नंबर उणे चार, दुसऱ्याचा अधिक चार, बेरीज शून्य, म्हणून चष्म्याची गरज नाही असं सांगणारा डॉक्टर तुम्हाला भेटला नसेल, तर बँकेत भेटेल.

ब्रिटनच्या तेव्हाच्या वित्तीय नियामकाने 2011 साली जोखीम मोजणारी अशी 11 साधनं तपासली. त्यांपैकी 9 मध्ये दोष निघाले. म्हणजे दोन तर बरी निघाली! ज्याला मुद्दलातला एक पैसाही गमवायचा नाही, ज्याने पैसे साध्या ठेवीतच ठेवायला हवेत, असा माणूस अनेक ठिकाणी ओळखलाच जात नाही, असंही त्या नियामकाला आढळलं. ओळखून करायचं काय? त्याला विकायचं काय?

युरोपात तर 3 जानेवारी 2018 पासून लागू झालेल्या नियमांनुसार सल्ला देणाऱ्या बँकेने ग्राहकाची नुकसान सोसण्याची क्षमताही विचारावी लागते आणि दिलेला सल्ला त्याला योग्य का, हे लेखी द्यावं लागतं. कागद वाढले की विश्वास वाढतो, हे तिथल्यांनाही पटलेलं दिसतं.

माझ्या तिसऱ्या परीक्षेची गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. साहेबांनी माझी उत्तरं संगणकात टाकली. पडद्यावरचा काटा पिवळ्यावर थांबला.

"सर, पिवळ्यात ही स्कीम सिस्टीम दाखवतच नाही."

"मग?"

"तुम्ही तसे घाबरट वाटत नाही हो."

मी घाबरट नाही असं गेल्या कित्येक वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी कोरा फॉर्म पुढे सरकवला आणि पेन्सिलीने पाच-सहा चौकोनांत बारीक ठिपके दिले. मी त्यांवर पेन फिरवलं. काटा केशरी ओलांडून लालच्या उंबरठ्यावर गेला. 'डेरिव्हेटिव्हची माहिती आहे' (म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी भावावर बेतलेल्या सौद्यांची) इथेही ठिपका होता, त्यामुळे ती माहितीही मला त्याच दिवशी झाली. स्कीमचं माहितीपत्रक मात्र मी खुर्चीत बसण्याआधीपासून टेबलावर होतं.

वर्षभराने स्कीम पडली आणि मी तावातावाने गेलो. साहेबांची बदली झाली होती. नव्या मॅडमनी फाइल काढली, शांतपणे माझ्याकडे वळवली. "सर, तुम्ही तर अ‍ॅग्रेसिव्ह आहात. सही तुमचीच ना?"

सही माझीच होती. टिकासुद्धा माझ्याच निळ्या पेनाच्या होत्या. कागद उजेडात तिरका धरून पाहिला. पेन्सिलीचे ठिपके कुणीतरी अगदी स्वच्छ खोडून ठेवले होते.